पाचोळ्याची मालकी

चैत्र अर्धा सरला, की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील भातखाचरांवर संध्याकाळच्या सुमारास निळसर धुराचा एक पट्टा जमिनीलगत सरपटू लागतो. मुंबई-पुण्याच्या आगगाडीत खिडकीपाशी बसलेला प्रवासी तो पाहतो, नाकाला रुमाल लावतो, आणि कोणी शेतकरी शेतातला केरकचरा जाळीत असावा एवढे मनाशी ठरवून पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसतो. त्याचा तर्क अर्धाच खरा असतो. जळत असते ते शेण, टाहाळ, पाचोळा आणि कुजका पेंढा, म्हणजे शहरी दृष्टीने कचराच. परंतु त्या धुराखाली पुढच्या आषाढातल्या भाताची तजवीज चाललेली असते. टाकाऊ सेंद्रिय पदार्थांपासून इंधने व रसायने मिळवण्याची जी विद्या आज प्रयोगशाळांतून नव्या नावांनी मिरवते, तिची पूर्वपीठिका या डोंगराळ मुलखात चार वाटांनी सापडते: राबात, कातात, कोळशात आणि मोहात. या चारही वाटा धुंडाळताना जे हाती लागते ते रसायनशास्त्राइतकेच महसुली दप्तराचेही आहे. आणि ते असे की, पाचोळा निरुपयोगी मानला जातो तोवर त्याला कोणी मालक नसतो, परंतु त्याचे मोल कळले रे कळले की मालक उभा राहतो, आणि काल जो नुसता वेचणारा होता तो आज चोर ठरतो.

राब म्हणजे भाताचे रोप, या भागातल्या बोलीत आवण, तयार करण्यासाठी भाजून सिद्ध केलेला जमिनीचा तुकडा. उन्हाळ्याच्या तोंडी शेतकरी खाचराचा एक उंचसा कोपरा निवडतो. त्यावर आधी शेणाचा थर पसरतो, त्यावर ऐनासारख्या झाडांचा छाटून वाळवलेला टाहाळ रचतो, त्यावर गवत, पेंढा आणि पाचोळा अंथरतो, आणि सर्वांत वर बारीक ढेकळांची माती पसरून तो साऱ्या रचनेला जणू पांघरूण घालतो. वारा पडला की, ज्या दिशेला वारा जात असेल त्या टोकाकडून राब पेटवावयाचा, म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू मागे सरकावे लागते. ज्वाळा उठता कामा नये, धग मात्र मातीत मुरली पाहिजे. शेजारी ओल्या डहाळ्या घेऊन घरची माणसे उभी असतात आणि बांध ओलांडू पाहणारी ठिणगी तिथल्या तिथे झोडपून काढतात. सकाळी त्या जागी काळसर राखेची मऊ दुलई पडलेली असते. मृगाचा पाऊस लागला की त्याच राखेत भात फेकावयाचे, आणि तीन-चार आठवड्यांनी तरारलेले आवण उपटून, त्याच्या मुठी बांधून, लावणीला न्यावयाचे. ज्याने एकदा राब केला आहे त्याला राबणे या क्रियापदाचा अर्थ सांगावा लागत नाही.

ऐनाच्या डहाळ्या छाटावयाच्या कोठून, हा प्रश्न पूर्वी उद्भवतच नसे. भातजमिनीला लागून असलेली उताराची, हलकी, गवताझाडांची जमीन, जिला ठाणे-कुलाब्याच्या जमाबंदीत वरकस असे नाव होते, ती याच कामासाठी खातेदाराच्या वहिवाटीत असे. आणि वरकस पुरी पडेना तेव्हा शेजारचे रान होतेच. परंतु १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीचे एका फटक्यात सवलतीत रूपांतर झाले. सवलत म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू. जंगलखात्याचे म्हणणे असे की, हे कुणबी दरसाल झाडांचे हातपाय तोडून रानाचा विध्वंस करतात आणि मोलाचे खत आगीच्या तोंडी देतात. रयतेचे म्हणणे असे की, राब नाही तर भात नाही, आणि भात नाही तर सरकारचा साराही नाही. हा तंटा इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला एक जंगल कमिशनच नेमावे लागले, आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील फिर्यादी हेच त्याच्या चौकशीचे मुख्य प्रयोजन होते.

तंट्याचा निवाडा करावयास शास्त्राला पाचारण करण्याची बुद्धी सरकारला झाली, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करविले. विलायतेहून आलेले कृषिरसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात राबाची दखल घेतली. आणि पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरल्ड मॅन यांनी न. वि. जोशी व न. वि. कानिटकर या दोघा मराठी सहकाऱ्यांसह १९१२ साली या पद्धतीवर एक स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला. नुसती राख आणून पसरली तर भाजलेल्या जमिनीइतके आवण का येत नाही, या शेतकऱ्याच्या अनुभवाचे उत्तर मातीला लागलेल्या धगेत होते: धगेने तणाचे बी मरते, चिकण माती भुसभुशीत होते, आणि मातीतील पोषकद्रव्ये अधिक प्रमाणात विरघळण्याजोगी होतात. ज्याला दप्तरात रयतेचे अज्ञान म्हणून नोंदले होते, त्यात मृदारसायनाचा एक अभ्यासयोग्य सिद्धांत दडलेला निघाला. तरीही टाहाळ तोडावयाचा परवाना लागायचा तो लागतच राहिला. कारण शास्त्राने उपयोगाचा प्रश्न सोडवला होता, हक्काचा नव्हे.

येथे थोडे भूगोलाकडे आणि कागदोपत्री इतिहासाकडे वळावयास हवे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, नंतर तो कुलाब्यात आला; खालापूर हा त्याचाच एक पेटा; आणि कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. परंतु या मुलखाचे भवितव्य मामलेदाराच्या कचेरीपेक्षा लोहमार्गाने अधिक ठरविले. नाना फडणविसांच्या तलावामुळे आणि महादेवाच्या देवळामुळे घाटाखालचे विश्रांतिस्थान म्हणून परिचित असलेल्या खोपोलीपर्यंत १८५६ साली आगगाडी आली, १८६३ साली ती बोरघाट चढून गेली, आणि वाढत्या मुंबईच्या चुली व शेगड्या या डोंगरांच्या अगदी उशाशी येऊन बसल्या. त्या दिवसापासून येथील रान हे मुंबईचे सरपण झाले.

या फेरबदलाचा सर्वांत मोठा भार पडला तो कातकऱ्यांवर. त्यांचे नावच त्यांच्या धंद्याची सनद आहे: जे कात करतात ते कातकरी, किंवा काथोडी. खैराचे झाड तोडावयाचे, त्याचा बाहेरचा पांढुरका भाग काढून आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करावयाच्या, त्या मडक्यांत पाणी घालून तासन्‌तास उकळावयाच्या, तो अर्क गाळून पुन्हा आटवावयाचा, आणि काकवीसारखा दाट झाला की थंड करून त्याच्या वड्या पाडावयाच्या, असा हा उद्योग. आजचा रसायनज्ञ याला निष्कर्षण म्हणेल, आणि वडीत कॅटेचिन किती, टॅनिन किती, याचे पृथक्करण करील. या वड्या विड्यात पडत, रंगात पडत, कातडे कमावण्याच्या कामी येत. परंतु खैर राखीव झाला, रानातल्या चुली विझल्या, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटियरांना या जमातीविषयी लिहिताना तिचा धंदा जवळजवळ भूतकाळातच मांडावा लागला. नाव राहिले, कात गेला.

त्याच्या जागी कोळसा आला. कोळशाची भट्टी ही लांबून पाहता नुसता मातीचा उंचवटा दिसते. जवळ गेल्यावर कळते की तिच्या पोटात लाकडाचे ओंडके आणि फांद्या दाटीने उभ्या रचलेल्या असून, वरून पाला व ओली माती थापून वाऱ्याची वाट मोजकीच ठेवलेली आहे. आग आत कोंडलेली असते. पहिल्या दिवसांत पांढरा, दमट धूर निघतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग डोळ्यांना झोंबणारा, पिवळसर, आंबट वासाचा धूर सुटतो. आणि शेवटी तो विरळ होऊन निळा पडला, की भट्टी पिकली असे समजून सारी भोके लिंपून टाकावयाची. हे सारे दिवस-रात्र जागून सांभाळावे लागते, कारण एखादी भेग पडली आणि वारा आत शिरला तर कोळशाऐवजी राख हाती येते. धुराचा रंग पाहून पोटातल्या पाकाची अवस्था ओळखणारी ही नजर कोणत्याही पदविकेने मिळत नाही.

त्या आंबट धुरातच खरी गोष्ट आहे. लाकूड हवेवाचून तापवले असता कोळशाखेरीज त्यातून ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल म्हणजे काष्ठमद्य, आणि डांबरासारखा दाट द्रव बाहेर पडतो. युरोपात हा धूर नळ्यांतून थंड करून त्यातली द्रव्ये वेगळी काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकातच भरास आला होता, आणि आपल्याकडे म्हैसूर संस्थानाने १९२३ साली भद्रावतीला लोखंडाचा कारखाना सुरू केला तेव्हा त्याच्या जोडीला अशा काष्ठ-ऊर्ध्वपातनाची योजना केली होती. कर्जत-खालापूरच्या भट्ट्यांतून मात्र ही सारी रसायने वाऱ्यावर गेली, वाटेत कातकऱ्यांचे डोळे आणि छाती जाळून गेली. कोळसा पोत्यांत भरून वखारीला गेला, आणि भट्टी लावणाऱ्याकडे राहिले ते शेठच्या वहीतले कर्ज. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली खावटी, तिच्यापोटी दिवाळीनंतर सहकुटुंब भट्टीवर जाणे, आणि मृगाच्या तोंडी हिशेब होताना पुन्हा काही बाकी निघणे, हे चक्र १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानंतरही लगेच थांबले नाही. येथे ज्वलनाला हवा जशी मोजून दिली जाते, तशीच मजुरीही.

चौथी वाट मोहाची. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली गळलेली मांसल, पिवळट फुले ही निसर्गाने स्वतः टाकलेली वस्तू; त्यांसाठी झाडाला कोयताही लावावा लागत नाही. त्यांतल्या भरपूर साखरेमुळे ती भुकेच्या दिवसांत खाल्ली जात, आणि आंबवून गाळली असता मद्य देत. ठाकर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर लग्नात, देवकार्यात, मर्तिकात या मद्याचे स्थान ठरलेले होते. परंतु १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा अधिकार मक्तेदारांच्या हाती गेला, आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू गावोगावच्या परवानेबंद दुकानांत येऊ लागली. घरची गाळणी तरीही बंद पडेना, तेव्हा सरकारने मूळच पकडले: १८९२ चा खास मोहाच्या फुलांविषयीचा कायदा ठाणे आणि कुलाबा हेच जिल्हे डोळ्यांसमोर ठेवून झाला, आणि त्याने फुलांच्या साठ्यावर व विक्रीवर निर्बंध घातले. झाडाखाली आपोआप पडलेले फूल घरात सापडले तर पंचनामा व्हावा, ही कल्पना पाड्यावरच्या माणसाच्या बुद्धीला किती अगम्य वाटली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आणि नियतीचा विनोद पाहा. पंचवीस वर्षांच्या आतच पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारला तोफांच्या दारूगोळ्यासाठी, म्हणजे कॉर्डाइटसाठी, ॲसिटोन या द्रवाची निकड भासली; लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा साठा अपुरा पडला, आणि वाइत्समान या रसायनज्ञाने पिष्टमय धान्य विशिष्ट जिवाणूंकडून आंबवून ॲसिटोन मिळविण्याची जी रीत काढली तिच्यासाठी इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना १९१७ साली हॉर्स चेस्टनटची फळे वेचावयास लावण्यात आले. हिंदुस्थानातही नाशिकला ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला. आणि मँचेस्टरच्या मैलापाण्यावर काम करून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत आलेले गिल्बर्ट फाउलर मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन व मद्यार्क मिळविण्याच्या अभ्यासाला लागले. कर्जतच्या पाड्यावर ज्या फुलाची जप्ती होत होती, त्याच फुलाला बंगळुरात काचेच्या चंबूत सन्मानाने स्थान मिळाले. आंबण्याची क्रिया दोन्हीकडे एकाच जातीची. एका ठिकाणी तिला गुन्हा म्हणत, दुसऱ्या ठिकाणी संशोधन.

स्वातंत्र्यानंतर या मुलखातल्या रसायनाने आपले मूळच बदलले. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून खोपोलीला वीज निर्माण केली होती. ते वापरून सोडलेले पाणी पाताळगंगेला बारमाही वाहते करून गेले, आणि बारमाही पाणी म्हणजे कारखान्यांना निमंत्रण. खालापूर तालुक्यात, ज्याच्या नावात मोहाची आठवण असावी अशा मोहोपाड्याशेजारी, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना आला आणि त्या वसाहतीला रसायनी हेच नाव पडले. येथे बेन्झीनसारख्या खनिज मुळाच्या द्रव्यापासून नायट्रोबेन्झीन, ॲनिलीन अशी मध्यस्थ रसायने होऊ लागली. सेंद्रिय रसायन हे नाव कायम राहिले, पण त्याचा पाला-पाचोळ्याशी असलेला संबंध कोट्यवधी वर्षे मागे, भूगर्भात गेला. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील बहुतेक विभाग बंद करण्यास मंजुरी दिली; अग्निबाणांच्या इंधनासाठी लागणारे एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवण्यात आला. खैराचा कात संपावयास कायदा लागला. खनिजाचे रसायन बाजारभावानेच मावळले.

मधल्या काळात कुजण्यातून इंधन काढण्याची पाचवी वाट तयार होत होती. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच मैलापाण्यातून निघणारा वायू साठवून त्यावर दिवे लावण्यात आले होते. १९५१ मध्ये जशभाई पटेलांनी ग्रामलक्ष्मी नावाचे तरंगत्या टाकीचे गोबरगॅस यंत्र सिद्ध केले, आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात ते गावोगाव नेले. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि शेण यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलण्यासाठी हयात वेचली. परंतु गोबरगॅसचा लाभ ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आणि दारात पाणी, त्यालाच होतो. एरव्ही रस्त्यावर पडलेले शेण गोवरीसाठी ज्याला दिसेल त्याचे असे. घरोघर टाक्या झाल्यावर ते गोठेवाल्याचे झाले. पाड्यावरच्या ज्या बाईजवळ एक शेळीही नाही, तिच्या डोक्यावरची मोळी या योजनेने हलकी केली नाही.

त्यानंतरचे पाऊल पुन्हा याच मुलखात, डोंगरमाथ्यावर, पडले. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराला १८५० साली सापडलेले आणि आजही मोटारींना सहसा दारे न उघडणारे माथेरान हे कर्जत तालुक्यातच येते. तेथे घोड्यांची लीद, उपाहारगृहांतले खरकटे आणि सहलीला आलेल्या मुंबईचा उरलासुरला ऐवज यांचे करावयाचे काय, हा प्रश्न अरुंद पठारावर फार तीव्र. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण पद्धतीचा प्रकल्प माथेरानला उभारण्यात आला. या पद्धतीत ओला कचरा वाटून, गरम पाण्यासह, आधी हवेशीर टाकीत उष्णताप्रेमी जिवाणूंच्या स्वाधीन करतात; तेथे तो अर्धवट पचला की दुसऱ्या, हवाबंद टाकीत मिथेन निर्माण करणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात. वायू जळणाला, उरलेला गाळ खताला. ऋण हा शब्द येथे मोठ्या योजकतेने वापरला आहे, कारण ज्याचे घेतले त्याला परत द्यावे हा त्याचा गाभा आहे. खालच्या भट्टीवरचा कातकरी ज्या ऋणात बुडाला होता ते मात्र एकाच दिशेने वाहणारे होते.

राबाची कथाही येथेच येऊन पूर्ण होते. कर्जतला १९१९ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे, आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग असून कर्जतच्या नावाच्या भातजाती दूरवर लावल्या जातात. त्याच विद्यापीठाच्या परंपरेतले डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीत राबाचा टाहाळ सुटतो: गिरणीतल्या भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळली, की तिच्यातली सिलिका आवणाला ताठपणा व खोडकिडीला तोंड देण्याचे बळ देते; आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडला की नत्राची सोय होते. यातली मार्मिक गोष्ट अशी की गिरिपुष्प बांधावर लावता येते. बांध आपला, झाड आपले, पाला आपला. कोणाचा परवाना नको. शंभर वर्षांच्या त्या जंगल-तंट्याला शास्त्राने दिलेले उत्तर रानाच्या हद्दीबाहेर, शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर सापडले.

इतर वाटांचेही थोडेबहुत परिमार्जन होत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात कसल्या जाणाऱ्या दळीच्या जमिनींवरचे दावे आणि गौण वनोपजाची मालकी यांना कागदावर जागा दिली. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. दुसरीकडे २०१८ पासून गोबरधन, कॉम्प्रेस्ड बायोगॅस अशा योजनांनी शेण, पेंढा व काडीकचरा यांना इंधनबाजारात भाव आणला आहे, आणि भाव आला की मालकाचा शोध सुरू होतो हे या दोन तालुक्यांना नव्याने शिकवावयास नको. पेंढ्यावर उद्या टँकरभर वायू निघेल. तेव्हा खाचरातला सडा वेचून शेळी पोसणाऱ्या बाईची वहिवाट कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे यंत्र बसवण्यापूर्वी ठरले पाहिजे.

या चार जुन्या उद्योगांपैकी कात विड्यांच्या दुकानांत गेला, कोळसा मुंबईच्या वखारींत गेला, मोहाचा मक्ता उरणच्या भट्ट्यांकडे गेला, आणि ते तिन्ही उद्योग करणाऱ्याच्या हातून निसटले. राबाची राख तेवढी जेथे जळली त्याच खाचरात राहिली. ती नेण्याजोगी नव्हती, विकण्याजोगी नव्हती, तिचा मक्ता घेण्यास कोणी आले नाही. कदाचित म्हणूनच चैत्रातला तो निळसर धूर आगगाडीच्या खिडकीतून अजून दिसतो.